मागायला कुणी येईना

धोंडीबाईच्या परसात त्या वर्षी आंबेहळद कमरेएवढी वाढली होती, आणि नेमकं त्याच वर्षी तिला कळलं की दसरा झाला की इथं जमीन सपाट करायला मशीन येणार.

सांगायला तुळशीदास गुरुजी स्वतः आले होते. ते जव्हारला शिकवतात, शनिवारी गाडी घेऊन पोशेऱ्याच्या या पाड्यावर येतात. जमीन त्यांच्या वडिलांची. वडिलांनी फार मागं नवसूच्या बापाला म्हटलं होतं, बस इथं, गुरं बघ. तो बसला, त्याच्यामागं नवसू बसला, आणि नवसूशी लग्न करून आलेली धोंडीबाई त्या घराच्या मागं माती उकरत बसली ती अजून बसलेलीच होती. गुरुजींना आता रस्त्यालगत स्वतःचं घर बांधायचं होतं. ते काही वेडंवाकडं बोलले नाहीत. चपला बाहेर काढून ओटीवर टेकले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की मावशी, तुमचं घरकुल वर माळावर तयार झालंय, स्लॅब पडलाय, या गळक्या कौलाखाली आता कशाला राहता. सामानाला टेम्पो पाठवतो म्हणाले.

सामान म्हणजे चार भांडी, गोधड्या, पाटा, नवसूची गळाची काठी. ते टेम्पोत मावलं असतं. परस कशात मावणार?

माळ म्हणजे नुसता कातळ. पावसात त्यावर बोटभर शेवाळ धरतं आणि ऊन पडलं की तेही पापुद्रा होऊन उडतं. धोंडीबाई एकदाच वर जाऊन आली होती. नवं घर तिनं बाहेरूनच पाहिलं. मग घराच्या मागं जाऊन खाली बसली आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडून पाहिली. अंगठा सोलला.

"माती कुठं हाय रे?" तिनं नवसूला विचारलं.

"माती कशाला? घर सिमिटाचं हाय," नवसू म्हणाला. "चिखल नाय, गळती नाय. चपल घालून आत जायचं, सायबासारखं."

नवसूला त्या घराचा खरंच आनंद झाला होता, आणि तो आनंद मोडायचा कसा हे तिला कळेना. म्हणून ती गप्प बसली.

परस तसं मोठं नव्हतं. मागल्या दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला काळ्या देठाचं अळू, भांडी धुतलेलं पाणी जिथं जाई तिथं माजलेलं. त्याला लागून गवती चहा. काट्यांच्या वईच्या, कुंपणाच्या, कडेनं हळद आणि आंबेहळद. मांडवावर शिराळी आणि काकडी, शेवग्याच्या खोडावर करांद्याचा वेल. त्याचे करांदे, खायचे कंद, मातीत नाही, वर पानांच्या बगलेत लटकत, एखाद्या म्हातारीच्या कानातल्या बुगड्यांसारखे. मध्ये लिंबू. आणि दाराच्या अगदी जवळ, हात लांबवला की फूल हाताशी येईल असा मोगरा. सकाळी ती बाहेर आली की आधी मोगऱ्याशी थांबे, मग करांद्याकडे मान वर करून बघे, मग अळवाच्या पानावरचं पाणी बोटानं ढकलून देई. कामाचं असं त्यात काहीच नव्हतं. पण ते केल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे.

आणि हे परस तिच्या एकटीचं नव्हतं, हीच तर खरी गोष्ट. दिवाळी झाली की सगळा पाडा भिवंडी-वसईकडं कामाला जातो. घरं बंद, परसं सुकलेली. होळीला माणसं परत येतात तेव्हा वईच्या आत नुसत्या काटक्या. धोंडीबाई आणि नवसू मात्र गुरुजींच्या गुरांसाठी मागं राहत. भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं परसात जाई. मग पाऊस तोंडाशी आला की बाया तिच्या मागल्या दारी येत. ही हळदीचा गड्डा मागे, ती करांदे मागे, कुणी मोगऱ्याची फांदी. पाड्याची परसं दरसाल धोंडीबाईच्या परसातून नव्यानं उठत. ते गेलं की पुढच्या साली मागायचं कुणाकडं, हा विचार पाड्यात फक्त तिलाच पडला होता.

मागायची एक रीत होती. पाड्यात झाड आपणहून कुणी कुणाला देत नसे. न मागता दिलेलं झाड धरत नाही, धरलंच तर देणाऱ्याच्या घरातलं दुखणं घेऊन येतं, असं जुनी माणसं सांगत आणि नवी माणसं मानत. म्हणून घेणारीनं यायचं, मागल्या दारी दगडावर बसायचं, गुरांचं बोलायचं, लेकरांचं बोलायचं, सासूच्या चार कागाळ्या सांगायच्या आणि उठता उठता म्हणायचं, बाय, एक कोंब दे की. देणारीनं म्हणायचं, काय हाय माझ्या परसात, गवतच हाय नुसतं. मग घेणारीनं स्वतःच्या हातानं उकरून घ्यायचं. पुढं केव्हातरी देणारी तिच्या घरी जाणार आणि विचारणार, धरलं का? धरलं असलं की दोघी त्याच्यापाशी उकिडव्या बसणार. एवढंच. पण धोंडीबाईच्या सगळ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी अशाच कुणाच्या ना कुणाच्या वईपाशी उकिडव्या बसून गेल्या होत्या.

जात्यावर ती एक ओवी म्हणायची, तिनंच जुळवलेली:

वईच्या पल्याड गेली हळद गं रांगत,
शेजारीण आली दारी कोंब गं मागत.

तेव्हा तिला वाटलं, बातमी कळली की सगळ्या जणी धावत येतील. तिनं मागल्या दारचा दगड धुऊन ठेवला. गवती चहाचं पातेलं चुलीच्या कडेला ठेवून दिलं. खुरपं धार लावून वईत खोचून ठेवलं, येणारीला दिसेल असं. आणि वाट बघत बसली.

कुणी आलं नाही.

पहिले काही दिवस तिनं मनाला समजावलं की वरीची कापणी चालू आहे, बाया रानात आहेत. पण बाया पाण्याला याच वाटेनं जात. तिच्या वईपाशी आल्या की त्यांचं बोलणं थांबे, पाय भरभर पडत. पूर्वी वईवरून मान आत घालून 'काय गं, अळू एवढं कशानं माजलंय, रात्री त्याच्याशी बोलतेस का,' असं विचारणाऱ्या बाया आता हंड्याकडं बघत चालत. धोंडीबाई मुद्दाम उठून उभी राही. पदर सावरी. कुणी थांबेना.

मग ती स्वतःच निघाली. चंदाच्या घरी गेली. चंदा दोन पावसाळ्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, माघीची सून. मागच्या वर्षी मोगरा फुलला तेव्हा रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून यायची आणि जाताना केसात फूल असायचं. धोंडीबाई ओटीवर बसली. सगळ्या गोष्टी करून झाल्या. मग म्हणाली की यंदा मोगऱ्याला फांद्या लई फुटल्यात. चंदा म्हणाली, व्हय का. धोंडीबाई म्हणाली की खालच्या फांद्या मातीला टेकल्यात, त्यांना मुळ्या सुटल्यात, नुसतं कापून घेतलं तरी लागेल अशा. चंदानं सुपातले तांदूळ दोनदा पाखडले. तिसऱ्यांदा पाखडताना तिचे डोळे भरून आले, तसं तिनं तोंड फिरवलं आणि आत जाऊन भांडी वाजवायला लागली. तिची सासू माघी दारात येऊन उभी राहिली, आणि धोंडीबाईला उठावंच लागलं.

माग, असं म्हणता येत नव्हतं. तसं म्हटलं की ते मागणं राहत नाही, देणंच होतं. ओठाशी आलेला शब्द ती पुन्हा पुन्हा गिळत होती, आणि दिवस जात होते.

बाजाराच्या दिवशी तिनं टोपलीत मोगऱ्याच्या मुळ्या सुटलेल्या फांद्या, हळदीचे गड्डे, करांदे असं सगळं ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि जीप धरून मोखाड्याला गेली. पाड्यातलं कुणी नाही तर बाजारातलं कुणीतरी मागेल. एवढ्या गावांच्या बाया येतात, एकीच्या तरी डोळ्यांत भरेल. भाजीचे वाटे लावून बसलेल्या बायांच्या रांगेत शेवटी तिनं गोणपाट पसरलं.

लोक थांबत. थांबून विचारत, कसे दिले?

"इकायचे नायत," ती म्हणायची.

"मग आणलेत कशाला?"

ती ओलं गोणपाट पुन्हा नीट करी. एक चांगल्या घरची, चष्मा लावलेली बाई बराच वेळ मोगऱ्याकडं बघत होती. तिला तो हवा होता, धोंडीबाईला ते दिसत होतं. बाईनं पर्स उघडली आणि नोट पुढं केली. धोंडीबाईनं हात मागं घेतला. बाई म्हणाली, अहो घ्या ना, कमी आहे का? आणखी एक नोट काढली. शेजारी काकड्यांचा वाटा लावून बसलेली बाई हसून म्हणाली, ताई, तिचं डोकं ठिकाणावर नाही, तुम्ही इकडं काकडी बघा. चष्मेवाली बाई पुढं गेली. दुपारी गोणपाट वाळलं, फांद्या माना टाकायला लागल्या. धोंडीबाईनं त्यावर स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि तहानेली परत आली.

शनिवारी गुरुजी आले तेव्हा ती वाटेतच उभी राहिली. म्हणाली की दिवाळीपर्यंत थांबा, शिराळीचं बी अजून पिकलं नाही, काकडीचं नाही, आता वेल तोडला तर बी धरायचं नाही. गुरुजी अवघडले. त्यांनी तिला समजावलं की मशीन मोठ्या मुश्किलीनं मिळालंय, आता गेलं तर पुन्हा कधी येईल कोण जाणे. मग त्यांना एकदम चांगलं काहीतरी सुचलं. ते म्हणाले, मावशी, मी तुम्हाला नर्सरीतून रोपं आणून देतो, कुंड्यांसकट, गुलाब, जास्वंद, काय पाहिजे ते सांगा. त्यांचा चेहरा एवढा प्रामाणिक होता की धोंडीबाईला रागावताही येईना. ती नुसतीच म्हणाली, बरं गुरुजी.

दसऱ्याला पाड्यानं आपट्याची पानं वाटली. तिच्या घरी आले ते ओटीवरूनच सोनं देऊन गेले. मागल्या दारी कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मशीन आलं. पिवळं धूड रस्त्याच्या कडेला येऊन थांबलं, त्याचा सोंडेसारखा हात दुमडून छातीशी. पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. चालवणारा माणूस वरून उतरला आणि चुलीवर टाकायला लाकडं कुठं मिळतील ते विचारायला लागला. तो काम परवा सकाळी सुरू करणार होता.

आणि मग धोंडीबाईनं ती चूक केली.

तिनं आंबेहळदीचा एक मोठा गड्डा मातीसकट उपटला, वर एक फूल असलेली मोगऱ्याची फांदी ठेवली, आणि अंधारून येताना चंदाच्या मागल्या दारापाशी नेऊन ठेवला. मनात म्हणाली, मी दिलं नाही. ठेवलं. दिसलं तर उचलेल, लावेल. पोरीच्या डोळ्यांत मोगरा आहे, मला माहीत आहे. दाराशी खाली वाकताना तिच्या गुडघ्यांतून कळ आली तरी तिला बरं वाटत होतं, कितीतरी दिवसांनी.

सकाळी पाड्यात गलका झाला तेव्हा ती अळवाला पाणी घालत होती. माघी आपल्या दारात उभी राहून मोठमोठ्यानं बोलत होती. दारात हळदीचा कंद, वर पांढरं फूल, तेही रातोरात ठेवलेलं. कुणीतरी उतारा टाकलाय, आपल्या सुनेला दिवस गेलेत, तिच्यावर कुणाची तरी नजर आहे. माघीनं तो गड्डा काठीनं ढकलत ढकलत ओहळापर्यंत नेला आणि पाण्यात लोटला. वर मीठ उधळलं. चंदाला घरातून बाहेर पडू दिलं नाही.

धोंडीबाई वईआड उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातली कळशी केव्हाच रिकामी झाली होती.

दुपारी जमुना आली.

जमुना शेजारच्या वाडीतली, शेतीवाल्या घरातली, अंगणवाडीत मदतनीस. आसपास धोंडीबाईला तोडीचं परस फक्त तिचं होतं, आणि म्हणूनच दोघींचं फारसं पटत नसे. जमुनाकडं पांढरी शेवंती होती. धोंडीबाई त्या शेवंतीला मेलेल्या माणसांचं फूल म्हणे. जमुना धोंडीबाईच्या अळवाला डुकराचं रान म्हणे. तरी दोघी एकमेकींच्या वईवरून आत बघितल्याशिवाय पुढं जात नसत. जमुनानं बऱ्याचदा कोंब नेले होते. धोंडीबाईनं मात्र तिच्याकडूनच काय, कुणाकडूनच कधी काही मागितलं नव्हतं. देणारी म्हणून ती पाड्यात मिरवत होती, आणि ते तिला आवडत होतं.

जमुना दगडावर बसली नाही. उभ्यानंच बोलली.

"तो कंद तूच ठेवलास ना?"

धोंडीबाईनं मान डोलावली.

"पोटुशी पोरगी हाय ती. सकाळपासनं माघी तिच्या अंगावरून मिरच्या ओवाळतेय. तुला काय सुचलं काय?"

"कुणी मागाय येईना," धोंडीबाई म्हणाली. एवढे दिवस गिळलेलं सगळं त्या तीन शब्दांतून बाहेर पडलं. मग ती खालीच बसली. "उद्या मशीन घालतील. हळद जाईल, करांदा जाईल. पुढच्या साली तुम्ही कुठनं आणणार? मी रोज दगड धुते. रोज चहा उकळते. वईवरून तोंड फिरवून जाता तुम्ही. मी काय केलं तुमचं?"

जमुनानं वईतलं खुरपं उपसून पाहिलं आणि परत खोचलं. नंतर बोलली ती हळू आवाजात.

"अगं बाय, उठत्या घरचं कसं मागायचं? तुझं घर उठतंय. त्या घराच्या परसातनं रोप मागायचं म्हणजे मरत्या माणसाच्या गळ्यातलं काढून घेतल्यासारखं. चंदा रडते रोज. मोगरा पायजे तिला. पण तोंड कसं उघडेल? आम्हाला काय डोळे नाय? आम्हाला बघवत नाय, म्हणून तोंड फिरवतो."

धोंडीबाई तिच्याकडं बघत राहिली. एवढे दिवस ती मागण्याची वाट बघत होती, आणि त्या न मागून तिचा मान राखत होत्या. दोन्हीकडून वई घट्ट विणलेली, आणि मधे हळद मरत होती.

जमुना निघून गेली. धोंडीबाईनं त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. नवसूनं सकाळची भाकर खाल्ली. मग तो बाहेर जाऊन लिंबोणीखाली थोडा वेळ उभा राहिला आणि झाडाच्या बुंध्यावर हात फिरवून आत आला. म्हणाला, उद्या टेम्पो येण्याआधी मी गोधड्या बांधून ठेवतो. आणि मग, कुशीवर वळून, म्हणाला की लिंबू मी नाय नेऊ शकत गं. नेता आलं असतं तर डोक्यावर नेलं असतं.

सकाळी मशीनचा माणूस दात घासत होता तेव्हा धोंडीबाई जमुनाच्या वाडीकडं निघाली. पुढल्या दारानं नाही, मागल्या. जमुनाच्या मागल्या दारी बसायला एक फळी होती. ती त्या फळीवर बसली. असं आधी कधी बसली नव्हती, त्यामुळं हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना. जमुना बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

धोंडीबाईनं गुरांचं विचारलं. जमुनाच्या लेकीचं, जव्हारच्या वसतिगृहात असते तिचं, विचारलं. जमुना जेमतेम उत्तरं देत होती. रस्त्याकडं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, एकदा घरघरून बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. धोंडीबाईनं तिकडं मान वळवली नाही. रीत होती ती पुरी करायला हवी होती. ती उठली, आणि उठता उठता म्हणाली,

"बाय, शेवंतीचा एक कोंब दे की."

जमुनाचं तोंड उघडं राहिलं.

"तू? शेवंती?"

"हां."

"लावशील कुठं?"

"वर. घरामागं."

"खडकावर काय धरतंय, धोंडे."

"नाय धरला तर पुन्हा मागाय येईन," धोंडीबाई म्हणाली. "मागणाऱ्या बाईचं घर उठलेलं नसतं. लावायचं हाय म्हणून तर मागते."

जमुनाला ते कळायला क्षणभर लागलं. मग तिचा चेहरा वाकडातिकडा झाला, आणि तिनं घाईघाईनं ठरलेलं बोलून टाकलं, "काय हाय माझ्या परसात, गवतच हाय नुसतं." आणि खुरपं पुढं केलं. धोंडीबाईनं स्वतःच्या हातानं शेवंतीचा एक फुटवा उकरला, मुळांची माती दाबून पदरात घेतला आणि वाटेला लागली.

ती आपल्या मागल्या दारी पोचायच्या आत जमुना तिच्यामागं होती, पदर खोचलेला, हातात घमेलं. बसायला वेळ नव्हता, तरी दगडावर टेकल्यासारखं केलं, आणि उठलीच.

"बाय, हळदीचा कोंब दे की. आंबेहळदीचा बी."

काय हाय माझ्या परसात, एवढं तरी म्हणायला हवं होतं. धोंडीबाईनं नुसता हळदीकडं हात केला. जमुना उकिडवी बसून उकरायला लागली आणि उकरता उकरताच ओरडून पाण्यावर निघालेल्या बायांना सांगत होती की ही आत्ता माझ्याकडनं शेवंती मागून आली, परस लावतेय वर, ऐकताय काय नुसत्या, या.

वाट सोडून बाया हंड्यांसकट वईत शिरल्या. दगडावर एकेक जण क्षणभर टेकून उठत होती, शाळेत हजेरी लावल्यासारखी. कुणी अळू मागितलं, कुणी करांदे. करांदे काढायला एक तर शेवग्यावरच चढली आणि वरून ओटीत टाकत राहिली. कुणी ज्यात मिळेल त्यात घेतलं, पदरात, हंड्यात, तेलाच्या रिकाम्या डब्यात. माती फुटल्याचा आणि श्वासांचा आवाज होता फक्त. मोगऱ्याला मात्र कुणी हात लावेना. शेवटी चंदा आली, पोटावर हात धरून, सासूला चुकवून. खाली बसता येईना म्हणून उभ्यानंच, पुटपुटत मागितलं. धोंडीबाईनं रीत मोडली आणि मोगऱ्याची फांदी स्वतःच कापून दिली. पोरीनं ती पदराआड धरली.

गुरुजी आले तेव्हा अर्धं परस उकरलेलं होतं. बायांना बघून ते वईबाहेरच थांबले. त्यांनी मशीनवाल्याला थांबायची खूण केली. मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं नाही, नुसता हात वर करून बसून राहिला. त्याला दुपारी दुसरीकडं जायचं होतं. थोड्या वेळानं गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं, मग जमिनीकडं, आणि हलक्या आवाजात म्हणाले, मावशी.

तेवढंच. पण धोंडीबाईला ते कळलं. ती बाजूला झाली.

शिराळीचा मांडव आधी गेला. कोवळी शिराळी, आत बी दुधासारखं, तसाच वेल मातीत लोळला. काकडी गेली. लिंबू एकदम गेलं नाही. मशीनच्या हातानं त्याला तीनदा ढकललं, प्रत्येक वेळी ते परत सरळ झालं, आणि चौथ्यांदा मुळांचा आवाज आला, ओलं कापड फाटल्यासारखा. हिरवी लिंबं उतारावरून घरंगळत रस्त्यापर्यंत गेली. शेवगा त्याच्यामागं. आणि जिथं हळद होती तिथली लाल माती मशीननं एका घासात उचलून मागं उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली, अजून तिच्यात राहिलेल्या गड्ड्यांसकट. धोंडीबाईनं डोळे मिटले नाहीत. नवसूनं तिचा दंड धरला होता, फार घट्ट.

टेम्पोनं त्यांना वर नेलं. नवसूनं चपला घालून नव्या घरात पाऊल ठेवलं आणि मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, बाहेर येऊन त्यानं त्या काढून ठेवल्या.

घरामागं धोंडीबाईनं एक खळगा शोधला, कातळाच्या फटीतला, ओंजळभर रुंद. पदरातला शेवंतीचा फुटवा त्यात ठेवला. मुळांना चिकटलेली माती तेवढीच माती. पाणी घातलं, ते फटीतून लगेच खाली गेलं. दुपारपर्यंत शेवंतीची पानं मऊ पडली, तिसऱ्या प्रहरी कडेनं काळी. तिनं पदराची सावली केली, वर सूप आडवं ठेवलं. ऊन कातळातून वर येत होतं, खालून, त्याला सूप काय करणार.

"मेली काय?" नवसूनं दारातून विचारलं.

ती उठली, टेम्पोतून आलेल्या सामानातली टोपली रिकामी केली आणि उतरणीला लागली. पाड्यात पोचली तेव्हा मशीन निघून गेलं होतं. त्यांच्या घराच्या जागी लाल चौकोन होता, सपाट, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. वाट त्याच्या कडेनं जात होती. ती कडेनं गेली.

कुणाकडं जायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. पाय माघीच्या घरी गेले, मागल्या दारी. माघी कोंबड्यांना कणी टाकत होती. धोंडीबाईला बघून तिचा हात थांबला. ओहळात लोटलेल्या हळदीबद्दल दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. बसायलाही तिला कुणी सांगितलं नाही. गुरांचं, लेकरांचं विचारायची ताकद धोंडीबाईत राहिली नव्हती.

"माघे, एक टोपली माती दे की."

माघी तिच्याकडं बघत राहिली. माती मागायची रीत पाड्यात नव्हती. मातीला नाही म्हणायचीही नव्हती, द्यायचीही नव्हती.

"माती बी कुणी मागतं काय?" ती म्हणाली.

"मी मागते."

कोंबड्या कणी संपवून दोघींच्या पायांत घोटाळत होत्या. माघीनं हातातली उरलेली कणी झटकली, पायानं कोंबडी बाजूला सारली आणि गोठ्याच्या मागच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"तिथली काढ," ती म्हणाली. "हितली नको, ही खारी हाय. तिथं शेण मुरलंय."